क्रूझवरची मस्टर ड्रिल: रांगेतून सुटका झाली, जॅकेट अजून बाकी आहे

जहाजावर चढल्यावर बाकी सगळं आपल्या मर्जीवर असतं. पोहायचं की झोपायचं, कुणी विचारत नाही. मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत कुठे जमायचं आणि लाइफजॅकेट कसं घालायचं याचा सराव, मात्र चुकवता येत नाही. मुद्दाम टाळणाऱ्याला कप्तान जहाज सुटण्यापूर्वी खाली उतरवू शकतो. गोष्ट सक्तीची म्हटली की तिच्यातल्या सोयी-गैरसोयीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, बोललंच तर ‘कटकट’ म्हणून विषय संपवतात. पण जेवणाच्या टेबलावरच्या सेवेसारखीच ही जहाजाने द्यायची एक सेवा आहे आणि तीही चांगली किंवा वाईट असू शकते. सध्या ती दोन प्रकारांनी मिळते. सगळ्यांना एकाच वेळी गोळा करणारी जुनी ड्रिल, आणि ज्याने त्याने आपल्या वेळेत उरकायची ई-मस्टर. आमचं मत आधीच सांगून टाकतो: प्रवाशाच्या अंगाला ई-मस्टर निःसंशय सुखाची आहे आणि मोठ्या जहाजावर तीच असावी. फक्त तिच्यात लाइफजॅकेटचा भाग फार पातळ झाला आहे, आणि तो प्रवाशाने स्वतः भरून काढावा लागतो.

जुन्या ड्रिलमध्ये नेमकं काय दुखायचं

जुन्या ड्रिलचा खरा ऐवज दहा-पंधरा मिनिटांचा. भोंगा, सूचना, जॅकेटचं प्रात्यक्षिक, झालं. उरलेला सगळा वेळ मोजणीत जायचा. मस्टर स्टेशनवरचा, म्हणजे जमायच्या ठरलेल्या जागेवरचा, शेवटचा माणूस सापडेपर्यंत बाकीच्यांना सोडता येत नाही, आणि शेवटची दहा-बारा माणसं हटकून कुठेतरी अडकलेली असतात. कुणी केबिनमध्ये गाढ झोपलेलं, कुणी चुकीच्या जिन्याने उतरून जहाजाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेलं. वेळेवर आलेल्यांना उशिरा येणाऱ्यांची शिक्षा, असा तो प्रकार होता.

दाटीचं कारणही नियमातच आहे. सागरी सुरक्षेच्या ‘सोलास’ करारानुसार मस्टर स्टेशनवर माणशी किमान ०.३५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे जेमतेम साठ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन. आणीबाणीत तेवढी पुरते. दुपारच्या उन्हात, उघड्या प्रोमनाड डेकवर, लहान मुलं पुढे आणि उंच माणसं मागे अशा रांगांमध्ये अर्धा तास उभं राहायचं झालं, की तोच चौकोन अंगावर येतो. ज्यांचं स्टेशन थिएटरमध्ये किंवा एखाद्या लाउंजमध्ये असायचं ते सुखी: खुर्ची, गारवा, समोर पडदा. पण उघड्या डेकवर उभा असलेल्याला आपली जीवरक्षक बोट डोक्यावर टांगलेली दिसते, आतल्याला ती दिसत नाही. त्याला बोटीपर्यंत कर्मचारी घेऊन जाणार असतात. तो रस्ता ड्रिलमध्ये क्वचितच दाखवला जातो.

पूर्वी प्रवाशांना केबिनमधून जॅकेट आणायला सांगत. बहुतेक कंपन्यांनी हे बंद केलं ते बरंच झालं. अंगात जाड जॅकेट असलं की स्वतःचे पाय दिसत नाहीत, कमरेचा पट्टा जिन्यावर लोंबतो आणि मागच्याचा पाय त्यावर पडतो. सरावाच्या नादात खरीच दुखापत व्हायची. अजूनही एखाद्या जहाजाने जॅकेट आणायला सांगितलंच, तर ते हातात घ्या, पट्टा गुंडाळून आत खोचा आणि स्टेशनवर पोचल्यावरच घाला. सपाता-चपला नकोत, बंद बूट हवेत.

आता प्रश्न पडेल की हे सगळं पहिल्याच दुपारी, माणूस प्रवासाने शिणलेला आणि सामान अजून केबिनमध्ये पोचलेलं नसताना का करतात. पूर्वी तसं बंधन नव्हतं. प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांत ड्रिल झाली की नियम पाळला जायचा. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉन्कॉर्डिया हे क्रूझ जहाज इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चिवितावेक्किया बंदरात चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती, आणि तरीही नियम मोडलेला नव्हता. त्यानंतर सोलास बदललं. १ जानेवारी २०१५ पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांची ड्रिल जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटल्याबरोबर व्हावी लागते. पहिल्या दुपारची ही घाई तिथून आली आहे आणि ती तशीच राहायला हवी. वेळ हलवता येत नाही म्हटल्यावर सुधारायला पद्धतच उरते.

ई-मस्टर: काय मिळतं, कुठे फसतं

रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने २०२० मध्ये ‘मस्टर २.०’ जाहीर केली. महामारीमुळे गर्दी जमवणंच अशक्य झालं होतं, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांनीही आपापल्या नावांनी तोच धागा उचलला. बहुतेक जहाजांवर क्रम सारखाच आहे. फोनमधल्या अॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर सुरक्षेचा व्हिडिओ पाहायचा, भोंग्याचा आवाज ऐकायचा, मग ठरलेल्या वेळेत आपल्या मस्टर स्टेशनवर स्वतः जायचं. स्टेशनचं अक्षर किंवा आकडा की-कार्डवर छापलेला असतो, केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूच्या नकाशावरही असतो. तिथला कर्मचारी कार्ड स्कॅन करतो, जॅकेट कसं घालायचं ते दाखवतो आणि तुमच्या नावापुढे खूण होते.

सोयीचे फायदे खरे आहेत. उभं राहणं जवळपास संपलं. जुन्या ड्रिलमध्ये तीच सूचना चार-पाच भाषांत एकामागून एक ऐकावी लागायची. व्हिडिओत आपली भाषा निवडता येते, जिथे अक्षरपट्टी दिली आहे तिथे कमी ऐकू येणाऱ्यांनाही मजकूर कळतो. रडतं मूल घेऊन तिष्ठत बसावं लागत नाही. गुडघे दुखणारा माणूस गर्दी नसलेली वेळ निवडू शकतो.

वेळ निवडण्याचं गणित सोपं आहे. गँगवे, म्हणजे धक्क्यावरून जहाजात येण्याचा पूल, ओलांडला की आधी स्टेशन. जहाजात शिरण्याचा दरवाजा आणि मस्टर स्टेशनं साधारण खालच्या-मधल्या डेकांवर असतात, पोहण्याचा तलाव आणि बुफे वर. एकदा वर गेलं की परत उतरायला लिफ्टसाठी ताटकळावं लागतं, कारण पहिल्या दिवशी लिफ्ट खचाखच भरलेल्या असतात. जे ‘नंतर बघू’ म्हणतात ते सगळे शेवटच्या तासात एकदम येतात आणि ई-मस्टरमध्येही जुनीच रांग उभी राहते.

फसतं कुठे? पहिलं, टीव्हीवर व्हिडिओ चालू असतो आणि माणसं बॅगा उघडत असतात. व्हिडिओ पुरा चालला की ‘पाहिला’ अशी नोंद होते. कुणी पाहिला का, हे यंत्राला कळत नाही. दुसरं, घरातला एक जण सगळ्यांची कार्डं घेऊन येतो आणि गर्दीत कर्मचारीही ती स्कॅन करून टाकतो. हे होता कामा नये. स्टेशनवर प्रत्येकाने स्वतः जायचं असतं, मुलांनीसुद्धा. तिसरं, प्रात्यक्षिकाला कात्री लागते. कार्डाची ‘टिंग’ वाजली की ‘झालं, जा’. अशा वेळी तिथेच थांबून ‘जॅकेट दाखवा’ म्हणायला संकोच करू नका. ते त्यांचं कामच आहे.

चौथी अडचण जरा सूक्ष्म आहे. तुम्ही स्टेशनवर गेलात ते गँगवेकडून, लिफ्टने, दिवसाउजेडी. रात्री भोंगा वाजला तर निघाल केबिनमधून, जिन्याने. म्हणून केबिन ताब्यात आली की एकदा तिथून स्टेशनपर्यंत जिन्याने चालत जा. दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ती मोजा. धुरात पाटी दिसत नाही, भिंतीवरून हात फिरवत दारं मोजता येतात. जमिनीलगत, ३० सेंटिमीटरच्या आत, प्रकाशपट्टी किंवा खुणा असतात. धूर वर साठतो म्हणून त्या खाली. जहाज लांबीच्या दिशेने अग्निरोधक भिंतींनी कप्प्यांत विभागलेलं असतं, एक कप्पा फार तर ४८ मीटरांचा. एरवी उघडी दिसणारी कॉरिडॉरमधली जाड दारं धोक्याच्या वेळी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, सोडली की आपोआप बंद होतात. पुष्कळांना वाटतं आपण कोंडले गेलो. ती कुलूपबंद नसतात, हाताने ढकलली की उघडतात. जड असतात एवढंच, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला ती एकट्याने उघडणं अवघड जातं, हे सोबतच्याने ध्यानात ठेवावं.

भोंग्याबद्दल एक गैरसमज दोन्ही पद्धतींत टिकून आहे. सात किंवा अधिक आखूड आणि मग एक लांब भोंगा, याचा अर्थ ‘जहाज सोडा’ असा नसतो. अर्थ एवढाच की स्टेशनवर या. जहाज सोडण्याचा निर्णय कप्तानाचा आणि त्याचा हुकूम वेगळा येतो. आवाज कर्कश असतो तोही ठरवूनच: सार्वजनिक जागी किमान ८० डेसिबल आणि नेहमीच्या गोंगाटापेक्षा किमान १० ने जास्त, झोपण्याच्या खोल्यांत किमान ७५. झोपलेला माणूस जागा व्हायला तेवढा लागतो. तान्हं मूल सोबत असेल तर भोंग्याची वेळ आधी विचारून घ्या आणि त्या वेळी कॉरिडॉरमधल्या स्पीकरखाली उभे राहू नका. श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी तेवढ्यापुरता आवाज कमी करावा.

जॅकेट: ड्रिलचा मुख्य भाग, सगळ्यात दुर्लक्षित

जीवरक्षक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संहितेतली जॅकेटची कसोटी वाचण्यासारखी आहे. जॅकेट कधीच न पाहिलेल्या माणसांपैकी किमान ७५ टक्क्यांना ते कुणाच्या मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता आलं पाहिजे. आणि प्रात्यक्षिक पाहिल्यानंतर सगळ्यांना. म्हणजे न पाहता घालणाऱ्या चारांतला एक चुकू शकतो, हे संहितेने गृहीतच धरलं आहे. तो चौथा माणूस प्रात्यक्षिकाच्या भरवशावर आहे. ई-मस्टरमध्ये तेच तीस सेकंदांत उरकतं किंवा पडद्यावर भागवतात, ही आमची या सेवेबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार. याच यादीत जॅकेट ‘घालायला सुखकर’ असावं असंही कलम आहे. घालून पाहिल्याशिवाय ते सुखकर आहे की नाही, कळणार कसं?

म्हणून केबिनमध्ये जॅकेट असेल तर पहिल्या संध्याकाळी ते एकदा काढून घाला. कपाटाच्या वरच्या फळीवर किंवा पलंगाखाली असतं. सापडलं नाही तर केबिन सांभाळणाऱ्याला विचारा. काही जहाजांवर सगळी जॅकेटं स्टेशनवरच ठेवतात, तिथे केबिनमध्ये शोधत बसू नका. नेहमीच्या चुका तीन-चारच. बकल ‘टक्’ करून लागतं पण पट्टा ओढून घट्ट केलेला नसतो. पट्टा पाठीमागून न घेता पुढच्या पुढेच अडकवलेला असतो. जॅकेट पाठीवरच्या पिशवीवरून घातलेलं असतं. बसलं की नाही याची परीक्षा दोन सेकंदांची: सोबत्याला दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर सरकून कानांना लागलं, तर पाण्यातही तसंच सरकणार. पट्टा आवळा, पुन्हा ओढून पाहा, उरलेलं टोक आत खोचा.

माप वयावर ठरत नाही, वजनावर ठरतं. १५ किलोच्या आत तान्ह्यांचं, १५ ते ४३ किलो मुलांचं, त्यावर मोठ्यांचं. जॅकेटवरच छापलेलं असतं. अकरा वर्षांचं अंगाने भरलेलं मूल मोठ्यांच्या मापात जाऊ शकतं आणि चौदा वर्षांचं किरकोळ मूल मुलांच्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाला घातलं तर मूल खालून निसटतं. केबिनमध्ये बहुधा मोठ्यांचीच ठेवलेली असतात, त्यामुळे मुलांची पहिल्याच दिवशी मागून घ्या. नियमाने प्रत्येक मुलाला एक मिळालंच पाहिजे. भारी शरीराच्या प्रवाशांसाठीही तरतूद आहे: १४० किलो वजन आणि १७५ सेंटिमीटर छातीपर्यंत जॅकेट बसलं पाहिजे, नसेल बसत तर जोडपट्टा दिला पाहिजे. हे स्वागतकक्षात जाऊन शांतपणे विचारता येतं; गर्दीत, सगळ्यांदेखत पट्टा अपुरा पडण्यापेक्षा ते पुष्कळ बरं.

मानेचं दुखणं असणाऱ्यांनी जाड कॉलरचं जॅकेट मिनिटभर अंगात ठेवून पाहावं. कॉलर मान पुढे ढकलते, कारण बेशुद्ध माणसाचंही तोंड पाण्याच्या वर राहावं यासाठी ती तशी बनवलेली असते. त्रास होत असेल तर दुसऱ्या घडणीचं आहे का ते विचारा, स्वतः काही कापाकापी करू नका. जॅकेटवरचा दिवा किमान आठ तास चालतो. बरेच दिवे पाणी लागताच आपोआप पेटतात, म्हणून ओले पोहण्याचे कपडे त्या फळीवर टाकू नका. शिट्टी वाजवून पाहायचा मोह आवरा. एकाने वाजवली की अख्खं स्टेशन वाजवतं.

भोंगा वाजला तेव्हा केबिनपासून लांब असाल तर जॅकेटसाठी परत जायचं का? याचं उत्तर जहाजागणिक वेगळं, म्हणून स्टेशनवर हा एक प्रश्न विचाराच. एकूण माणसांच्या किमान ५ टक्के जास्तीची जॅकेटं डेकवर किंवा स्टेशनांवर ठेवणं बंधनकारक आहे, त्यामुळे बहुतेक वेळा ‘थेट स्टेशनवर या’ असंच सांगतात.

स्टेशन कसं आहे ते बघून ठेवा

ड्रिलमध्ये तुम्ही स्टेशनवर पाच मिनिटं असता. खऱ्या प्रसंगी तास न् तास असू शकता. २३ मार्च २०१९ ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ व्हायकिंग स्काय जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली. १,३७३ माणसांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचललं, बाकीचे दुसऱ्या दिवशी जहाजातूनच बंदराला लागले. प्रवासी स्टेशनांवर बसून होते आणि एका ठिकाणी समुद्राचं पाणी आत शिरलं. त्यामुळे स्कॅन झाल्यावर नजर टाका: बसायला जागा कुठे, स्वच्छतागृह कुठल्या बाजूला, मोठ्या काचा कुठे आहेत. पलंगाशेजारी एका लहान पिशवीत रोजची औषधं, चष्मा, एखादा गरम कपडा ठेवला तर उठल्याबरोबर हाताला लागतो. पण बाहेर असताना त्या पिशवीसाठी मागे फिरायचं नाही.

जीवरक्षक बोटींचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. जहाजाच्या नाकाकडे तोंड केलं की उजवीकडे विषम, डावीकडे सम. आत माणशी बैठक ४३ सेंटिमीटरची, म्हणजे ऐसपैस बसण्याचा प्रश्नच नाही. ई-मस्टर असो की जुनी ड्रिल, प्रवाशाला बोटीच्या आत बसवून दाखवत नाहीत. जिथे जहाज धक्क्याला न लागता टेंडरने, म्हणजे ने-आण करणाऱ्या लहान बोटीने, किनाऱ्यावर नेतात, तिथे बहुधा त्यातल्याच काही बोटी वापरतात. आत बसायची संधी मिळाली तर चढण्याची पायरी आणि धरायच्या जागा पाहून घ्या.

चालायला, ऐकायला किंवा पाहायला अडचण असलेल्यांची नोंद जहाज सुटण्यापूर्वी कप्तानाकडे असणं सोलासनुसार आवश्यक आहे, पण ती प्रवाशाने सांगितल्याशिवाय होत नाही. तिकीट काढताना भरलेला अर्ज पुरेसा धरू नका, चढल्यावर स्वागतकक्षात पुन्हा सांगा. न ऐकणाऱ्यांसाठी चमकणारा दिवा आणि उशीखालचं थरथरणारं यंत्र मागितल्यावर मिळतं. आणीबाणीत लिफ्ट वापरायच्या नसतात, म्हणून व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला जिन्यावरून कोण आणि कशाने नेणार, हे नावानिशी विचारून ठेवावं. मुलांच्या क्लबमध्ये सोडलेल्या मुलांना स्टेशनवर कर्मचारी आणणार की आईवडिलांनी न्यायचं, हेही प्रत्येक जहाजाचं वेगळं. मनगटावर स्टेशनच्या अक्षराची पट्टी बांधलेली असेल तर ती प्रवास संपेपर्यंत काढू देऊ नका.

प्रवासात मधूनच वाजणारे भोंगे

प्रवासी जहाजावर जहाज सोडण्याचा आणि आगीचा सराव दर आठवड्याला करावा लागतो. तो कर्मचाऱ्यांपुरता असतो, आणि जहाज बंदरात असताना, बहुतेक सकाळी उरकतात. तेवढा वेळ काही बार आणि दुकानं बंद, कॉरिडॉरमधली दारं बंद, एखादी लिफ्ट थांबलेली आणि एका बाजूच्या बोटी खाली सोडलेल्या, असं चित्र असतं. ज्यांना किनाऱ्यावर जायचं नाही त्यांनी सरावाची वेळ आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावी. सावध झोपेच्या माणसाने बोटींच्या मागे किंवा लगेच वर असलेली केबिन घेऊ नये. समुद्र अर्धवट झाकलेला असतो म्हणून ती स्वस्त मिळते खरी, पण सरावाला आणि टेंडरच्या प्रत्येक फेरीला बोटीची यंत्रणा कानाशी घरघरते.

एका फेरीत दोन-तीन बंदरांवर नवे प्रवासी घेणारी जहाजं असतात. त्यांच्यावर अशा प्रत्येक बंदरात नव्यांची ड्रिल होते आणि भोंगा सगळ्यांनाच ऐकू येतो. तुमचं कार्ड आधी स्कॅन झालेलं असलं तर जागेवरून उठायचं कारण नाही. मात्र आधीची घोषणा पूर्ण ऐका: ‘फक्त नव्या प्रवाशांसाठी’ किंवा ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ हे शब्द कानावर पडले नाहीत, तर भोंगा खरा धरून स्टेशनकडे निघा.